बातमी अरबी समुद्राची, चित्र पॅसिफिकचं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र लांब झालंय हे आधीच सांगतो, जागा नसेल तर कापा, पण मधला दगडाचा भाग तेवढा कापू नका, त्याच्यासाठीच लिहायला बसलोय.

मी कऱ्हाडचा, बोअरवेलचा धंदा. बी.एस्सी. जिऑलॉजी केलं तेव्हा वाटलेलं की सरकारी सर्व्हेत लागू, लागलो वडिलांच्या बोअरच्या गाडीवर, त्याला आता तीस वर्षं होतील. त्यामुळे जमिनीखालचं काही पेपरात आलं की मी चष्मा पुसून वाचतो. तुमच्या पेपरात कार्ल्सबर्ग रिजवर, म्हणजे अरबी समुद्राखालच्या डोंगररांगेवर, अर्धं पान आलं, भारताला समुद्राखालचा खजिना मिळाला वगैरे. बातमी मुळात खरी आहे, सप्टेंबर 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय सीबेड अथॉरिटीबरोबर (देशांच्या हद्दीबाहेरच्या समुद्रतळाचे परवाने देणारी संस्था) धातू शोधायचा करार झाला, 10,000 चौरस किलोमीटरचा पट्टा, आणि काम बघणार गोव्याची एनसीपीओआर ही सरकारी संशोधन संस्था. याच्या आधी 2016 मध्ये असाच एक करार झालेला, तो सेंट्रल इंडियन रिज आणि साउथवेस्ट इंडियन रिजच्या भागासाठी. इथपर्यंत काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती बातमीशेजारच्या चित्राबद्दल. समुद्रतळ सुरीने कापल्यासारखा दाखवलाय. वर गाळ, त्याखाली लोडासारखे लाव्हाचे गोळे, त्याखाली उभ्या पट्ट्या (फटींत थिजलेला मॅग्मा), त्याखाली गॅब्रो (खोलवर सावकाश थिजलेला दगड), आणि मधोमध एक टोकदार शिखर, त्याच्या पोटात लालभडक मॅग्माची टाकी काठोकाठ भरलेली. डावी बाजू आणि उजवी बाजू आरशात बघितल्यासारखी सेम. चित्र छान आहे, मुलांना प्रोजेक्टला चिकटवायला एक नंबर, पण ते कार्ल्सबर्ग रिजचं नाही हो. ते पॅसिफिकमधल्या पळणाऱ्या रिजचं आहे. आपली रिज सावकाश चालणारी आहे आणि सावकाश चालणाऱ्या रिजचं पोट असं नसतंच मुळी. आणि तुम्ही ज्या तांबं-जस्त-सोन्याबद्दल अर्धं पान लिहिलंत ते तिथे का असावं याचं उत्तर पण याच सावकाशपणात आहे, म्हणजे नेमकं महत्त्वाचं तेच चित्रात चुकलं.

वेग किती ते आमच्या फुटाच्या हिशोबात सांगतो. समुद्राच्या मध्यातून जाणारी ही डोंगररांग सगळी मिळून साधारण 65,000 किलोमीटर लांब आहे, तिच्या दोन्ही बाजूंच्या प्लेटा एकमेकींपासून दूर सरकतात आणि मधल्या फटीत नवीन तळ तयार होतो, हे शाळेत असतंच. पण सगळीकडे वेग एक नाही. ईस्ट पॅसिफिक राइजवर काही ठिकाणी वर्षाला 150 मिलीमीटर, म्हणजे दोन वर्षांत एक फूट. कार्ल्सबर्ग रिज वर्षाला 25-30 मिलीमीटरच्या घरात, म्हणजे दहा-बारा वर्षांत एक फूट. त्याच्या दक्षिणेकडची साउथवेस्ट इंडियन रिज तर वर्षाला 14 मिलीमीटर, फूटभर सरकायला वीस-बावीस वर्षं. उत्तर ध्रुवाजवळ बर्फाखाली गाकेल रिज आहे ती याहून आळशी. अटलांटिकची आपल्यासारखीच, सावकाश.

आता तुम्ही म्हणाल की वेग कमी तर कमी, तेच काम उशिरा होईल, एवढंच ना? नाही ना, इथेच सगळे फसतात. मी पण कॉलेजात असंच समजायचो. माण तालुक्यात दुष्काळात टँकर यायचे तेव्हाची गोष्ट घ्या, ज्या गावाला रोज टँकर येतो त्या गावाची टाकी कधी रिकामी पडत नाही, आणि ज्या गावाला महिन्याने येतो तिथे टाकीला तडे जातात. पॅसिफिकच्या रिजखाली मॅग्मा सारखा येत राहतो, त्यामुळे एक-दीड-दोन किलोमीटरवर वितळलेल्या दगडाचा पातळ थर जवळजवळ सलग टिकून असतो, जिथे फट पडेल तिथे तो भरतो, आणि वरचा तळ गुळगुळीत, मध्ये थोडा फुगीर. तुमचं चित्र तिथलं. सावकाश रिजखाली मॅग्मा तुटपुंजा. वर यायच्या आत निम्मा वाटेतच गोठतो, कारण वरचा दगड थंड आणि जाड झालेला असतो. आणि प्लेटा तर ओढतच राहणार, त्या काही मॅग्मासाठी थांबत नाहीत, मग दगड फाटतो. म्हणून सावकाश रिजच्या मधोमध शिखर नसतं, दरी असते. दहा-वीस किलोमीटर रुंद, एक ते तीन किलोमीटर खोल, दोन्ही बाजूंना पायऱ्यापायऱ्यांचे कडे. कोयनेच्या खोऱ्यात वरून बघितल्यासारखं समजा, फक्त वर तीन-चार किलोमीटर पाणी आणि काळाकुट्ट अंधार.

ही दरी काही काल सापडलेली नाही बरं का. 1933-34 मध्ये इजिप्तचं माबाहिस नावाचं जहाज अरबी समुद्रात फिरलं, त्या मोहिमेचे प्रमुख होते सेमूर सेवेल, जे त्याआधी कलकत्त्याला झूलॉजिकल सर्व्हे ऑफ इंडियाचे डायरेक्टर होते. त्यांना कार्ल्सबर्ग रिजच्या मध्ये घळ दिसली, आणि 1937 मध्ये वाइजमन आणि सेवेल यांनी लिहून ठेवलं की हे पूर्व आफ्रिकेच्या खचदरीसारखं दिसतंय. प्लेट टेक्टॉनिक्स हा शब्द पण नव्हता तेव्हा. आणि आपण 2025 मध्ये तिथे शिखर छापतोय.

आता दगडाचा भाग.

चित्रातले ते चार थर आले कुठून हे पण सांगतो, कारण ते खोटे नाहीत, फक्त जागा चुकलीय. माझा भाचा मस्कतला असतो, त्याच्याकडे गेलो होतो तेव्हा लोक मॉल बघतात आणि मी त्याला सोहारकडे गाडी न्यायला लावली, वादी जिझ्झीत. तिथे रस्त्याकडेला लाव्हाचे लोड एकावर एक रचलेले दिसतात, पाण्याखाली ओतलेला लाव्हा बाहेरून पटकन थिजतो आणि आतून ओघळत राहतो म्हणून तसा आकार येतो. ओमानचे ते डोंगर म्हणजे समुद्राचा तळ आहे, साधारण साडेनऊ कोटी वर्षांपूर्वीचा, उचलून जमिनीवर चढलेला. तिथे माणूस चालत चालत लोडांतून उभ्या पट्ट्यांत, पट्ट्यांतून गॅब्रोत आणि गॅब्रोतून थेट प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या थरात, जाऊ शकतो. 1972 मध्ये जिऑलॉजिस्ट लोकांची पेनरोझ कॉन्फरन्स झाली तिथे या थरांची व्याख्या पक्की केली गेली आणि मग जगातल्या प्रत्येक पुस्तकात तेच चित्र गेलं. पण ओमानचा तो तळ भरपूर मॅग्मावाल्या, जोरात चालणाऱ्या रिजचा आहे. एका गावच्या बोअरवरून सगळ्या जिल्ह्याचा नकाशा काढल्यासारखं झालं ते. आमच्या धंद्यात असं केलं तर शेतकरी मारायला येतो.

सावकाश रिजवर काय होतं, दरीच्या एका बाजूला एक मोठा फॉल्ट (दगड जिच्यावरून सरकतो ती भेग) सुरू होतो आणि तो बंदच होत नाही. दहा-वीस लाख वर्षं तोच फॉल्ट सरकत राहतो. सुरुवातीला खोलवर तो चांगला उभा असतो, साठ-सत्तर अंशांत, पण त्याच्या खालची बाजू वर येता येता वजन हलकं झाल्यामुळे वाकते आणि पृष्ठभागाशी येईपर्यंत जवळजवळ आडवी होते. याला डिटॅचमेंट फॉल्ट म्हणतात. म्हणजे खालचा दगड कन्व्हेअर बेल्टवरून आल्यासारखा तिरका वर सरकत येतो आणि समुद्रतळावर उघडा पडतो. बेसाल्ट (थिजलेला लाव्हा) नाही, उभ्या पट्ट्या नाहीत, डायरेक्ट खालचा गॅब्रो आणि त्याच्याही खालचा प्रावरणाचा दगड, पेरिडोटाइट. वर आलेल्या त्या घुमटावर सरकण्याच्या दिशेने लांबच लांब खोबणी असतात, रंध्याने लाकूड तासल्यावर दिसतात तशा, फक्त शेकडो मीटर रुंदीच्या. अटलांटिकमध्ये असे घुमट 1990 च्या दशकात नीट ओळखता आले, 1997 मध्ये त्यावरचा गाजलेला पेपर आला. आपल्या सेंट्रल इंडियन रिजवर वित्याझ नावाच्या आडव्या फॉल्टजवळ पण असा घुमट आहे. आणि हे सगळं एकाच बाजूला होतं, दुसऱ्या बाजूला नेहमीचा बेसाल्ट. मग ती आरशातली डावी-उजवी कुठे राहिली?

मला स्वतःला हे पटायला कोयनेची मदत झाली. कोयनेजवळ गोठण्याला शास्त्रज्ञांनी 2017 मध्ये तीन किलोमीटरचं बोअर पूर्ण केलं, भूकंप समजून घ्यायला, आमच्या कऱ्हाडच्याच बीजीआरएल या सरकारी प्रयोगशाळेचं काम. आम्ही बोअरवाले त्याच्याकडे पंढरीच्या वारीसारखं बघायचो. आमचं आपलं मुरूम, मांजऱ्या, काळा पाषाण, मध्ये एखादा गेरूचा लाल पट्टा, चारशे फुटांला पाणी नाही लागलं तर मालकाचा चेहरा उतरलेला. गोठण्याला 1,247 मीटरला बेसाल्ट संपला आणि खाली ग्रॅनाइट लागला. म्हणजे सव्वा किलोमीटर नुसता लाव्हाच लाव्हा, त्याखाली जमिनीचं जुनं कवच, आणि प्रावरण अजून पस्तीस-चाळीस किलोमीटर खाली. माणसाला तिथवर पोचायची सोय नाही.

आणि आता दुसरा आकडा बघा. 2023 मध्ये अटलांटिकमध्ये, 30 अंश उत्तरेला, अटलांटिस मासिफ नावाच्या अशाच एका घुमटावर जॉइडेस रेझोल्यूशन जहाजाने बोअर मारलं, 1,268 मीटर. गोठण्याच्या बेसाल्टपेक्षा एकवीस मीटर जास्त. आणि लागलं काय? जवळजवळ सगळा प्रावरणाचा दगड, अधूनमधून गॅब्रो. वरून खालपर्यंत. आपल्याकडे ज्या खोलीला जेमतेम लाव्हा संपतो त्या खोलीपर्यंत त्यांनी नुसतं प्रावरण कापलं. याआधी असल्या दगडात सगळ्यात खोल बोअर होतं ते 200 मीटरच्या आसपास, 1993 चं. त्याच्याही आधी अमेरिकेने मोहोल नावाचा प्रोजेक्ट काढलेला, समुद्रात कवच पातळ असतं म्हणून तिथून आरपार प्रावरणात जायचं, 1961 मध्ये मेक्सिकोच्या ग्वादलूप बेटाजवळ पॅसिफिकमध्ये साडेतीन किलोमीटर पाण्यात पाइप सोडून 183 मीटर गेले, पुढे पैसा संपला, 1966 मध्ये प्रोजेक्ट बंद. साठ वर्षं लोक कवच फोडायच्या मागे आणि सावकाश रिज आपणहून प्रावरण वर आणून ठेवतेय.

एक बोअरवाला म्हणून मला त्या 1,268 पेक्षा जास्त नवल वाटलं ते कोअरचं, म्हणजे बोअरमधून अख्ख्या निघणाऱ्या दगडाच्या दांड्याचं. 71 टक्के कोअर अख्खा वर काढला त्यांनी. आम्हाला आयुष्यात कोअर दिसत नाही, हॅमर दगडाची पावडर करतो, कॉम्प्रेसर ती वर फेकतो, आम्ही तिच्या रंगावरून आणि रॉडच्या आवाजावरून ओळखतो काय लागलं ते. फुटलेल्या, तडकलेल्या दगडात तर बिटच अडकून बसतं, मागच्या उन्हाळ्यात एक हॅमर आणि अकरा रॉड खालीच राहिले आमचे, अजून काढता आलेले नाहीत. आणि हे लोक डोलणाऱ्या जहाजावरून, साडेआठशे मीटर पाण्यातून, फॉल्टमध्ये चुरडलेल्या दगडातून सलग दांडे बाहेर काढतायत. ते जहाज 2024 मध्ये निवृत्त झालं. वाईट वाटलं खरं.

हा जो दगड वर येतो तो कोरडा राहत नाही, हा पण मुद्दा महत्त्वाचा आहे. पेरिडोटाइटमध्ये ऑलिव्हिन नावाचं हिरवट खनिज भरपूर असतं, ज्याचा स्वच्छ खडा सराफाकडे पेरिडॉट म्हणून मिळतो. फॉल्टच्या भेगांतून समुद्राचं पाणी आत शिरलं आणि तापमान चारेकशे अंशांच्या खाली असलं की ऑलिव्हिन पाणी पितं आणि त्याचं सर्पेंटाइन होतं, सापाच्या कातडीसारखं हिरवं-काळं चट्ट्याचं. तुमच्या घरात देवघराला किंवा जिन्याला हिरवा मार्बल असेल, राजस्थानात केसरियाजीकडून येतो तो, तो मार्बल नसतोच, सर्पेंटाइनचा दगड असतो. (तो या रिजचा आहे असं नाही म्हणत, जात तीच एवढंच.) हे होताना ऑलिव्हिनमधलं लोखंड एक प्रकारे गंजतं, पाण्यातला ऑक्सिजन घेतं आणि हायड्रोजन मोकळा सुटतो. दगड फुगतो, हलका होतो, घनता 3.3 वरून 2.6 च्या आसपास येते. आणि मग गंमत अशी की वरून भूकंपलहरी सोडून मोजणाऱ्याला त्या लहरी सावकाश जाताना दिसतात आणि त्याला वाटतं हे कवचच आहे. म्हणजे पाच-सहा किलोमीटर कवच मोजलं तरी त्यात किती खरं कवच आणि किती पाणी प्यालेलं प्रावरण हे नुसत्या लहरींवरून सांगणं अवघड. हॅरी हेस नावाच्या अमेरिकन प्राध्यापकाने 1962 मध्येच म्हटलं होतं की समुद्राच्या कवचाचा मोठा खालचा थर हा सर्पेंटाइन झालेलं प्रावरणच असणार. पुढे गॅब्रो सापडला, ओमानचं चित्र आलं, आणि हेसचा तो भाग लोकांनी बाजूला ठेवला. पॅसिफिकसाठी तो चूकच होता. सावकाश रिजसाठी म्हातारा बराचसा बरोबर निघाला.

त्याच अटलांटिस मासिफवर डिसेंबर 2000 मध्ये लॉस्ट सिटी सापडली, पांढऱ्या चुनखडीच्या चिमण्या, सगळ्यात उंच 60 मीटर, म्हणजे वीस मजली बिल्डिंग. तिथलं पाणी 40 ते 90 अंश, आणि साबणाच्या पाण्यासारखं अल्कली. तिथे मॅग्मा नाही, ज्वालामुखी नाही, दगडाला पाणी लागून जे रसायन घडतं त्यावर आणि खालच्या उरलेल्या उबेवर हे सगळं चाललंय, हजारो वर्षं. तुमच्या बातमीत प्रत्येक दोन ओळींनंतर ज्वालामुखी आलाय म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

आता खजिन्याकडे येतो. काळा धूर ओकणाऱ्या चिमण्या, त्या मात्र खाली गरम मॅग्मा किंवा गरम दगड असेल तिथे असतात. समुद्राचं पाणी भेगांतून खाली जातं, तापतं, दगडातलं तांबं-जस्त-लोखंड-गंधक विरघळवून साडेतीनशे-पावणेचारशे अंशांचं होऊन वर येतं, वरच्या दाबामुळे उकळत नाही, आणि थंड पाण्याला भिडलं की धातू सल्फाइड होऊन काळ्या धुरासारखे खाली बसतात. पळणाऱ्या रिजवर अशा चिमण्या जास्त, पण तिथे दर काही वर्षांनी नवा लाव्हा येऊन सगळं गाडून टाकतो, नळ बदलतो. सावकाश रिजवर चिमण्यांच्या जागा कमी आणि लांब लांब, पण जिथे आहेत तिथे तोच मोठा फॉल्ट हजारो वर्षं पाण्याचा रस्ता बनून राहतो, एकाच जागी ढीग साचत जातो. अटलांटिकमधला टॅग नावाचा ढीग 200 मीटर रुंद, 50 मीटर उंच, सुमारे 50,000 वर्षांत चालू-बंद चालू-बंद करत जमलेला. 1994 मध्ये त्यात बोअर घेऊन बघितलं तेव्हा सगळं मिळून 39 लाख टनांच्या आसपास माल असल्याचा हिशोब निघाला, त्यातलं तांबं दोन टक्क्यांच्या घरात. एवढा मोठा ढीग समुद्रात क्वचित. जमिनीवरच्या मोठ्या तांब्याच्या खाणीपुढे हा किरकोळ आहे, आणि तो पण साडेतीन किलोमीटर पाण्याखाली.

म्हणून खजिना शब्द मला खटकला. करार शोधायचा आहे, काढायचा नाही. पंधरा वर्षं शोधायची परवानगी, खणायचे नियम अजून पक्के झालेले नाहीत. आमच्याकडे पाणाड्या येतो, तळहातावर नारळ ठेवून शेतात फिरतो, एका जागी नारळ उभा राहतो आणि मालक पेढे वाटायला निघतो. मग गाडी आम्ही लावायची, आणि सहाशे फुटांला नुसती धूळ आली की तोंड आमच्याकडे. करार म्हणजे नारळ उभा राहिला, एवढंच झालंय. याचा अर्थ काम लहान आहे असा नाही. डिसेंबर 2024 मध्ये एनसीपीओआर आणि चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र तंत्रज्ञान संस्थेने माणूस नसलेली पाणबुडी साडेचार किलोमीटर खाली सोडून हिंद महासागरातल्या चालू चिमणीचे फोटो काढले, ते मी मोबाइलवर मोठे करकरून बघितले. मत्स्य 6000 नावाची पाणबुडी तयार होतेय, त्यातून माणसं जाणार. मला स्वतःला सोन्यापेक्षा ते बघायचंय की आपल्या पट्ट्यात किती ठिकाणी प्रावरण उघडं आहे.

आणि एक गोगलगाय आहे जिचं नाव तुमच्या अर्ध्या पानात कुठेच नाही. सेंट्रल इंडियन रिज आणि साउथवेस्ट इंडियन रिजच्या चिमण्यांवर राहते, पायावर लोखंडी सल्फाइडचे खवले, चिलखत घातल्यासारखे. 2001 मध्ये केरेई नावाच्या जागी पहिल्यांदा सापडली आणि 2019 मध्ये आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संस्थेने तिला धोक्यातल्या यादीत टाकलं, कारण खोल समुद्रातलं खाणकाम. तेव्हा जगात ती फक्त तीन जागी माहीत होती. सावकाश रिजवर चिमण्या लांब लांब असतात हे मघाशी म्हटलं ना, त्याची ही दुसरी बाजू. एक ढीग उचलला तर शेजारी दुसरा नसतो.

महाराष्ट्राचा संबंध काय असं कुणी विचारेल, तर आहे, आणि तो पण बातमीत यायला पाहिजे होता. 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी आपला हा काळा पाषाण लाव्हा म्हणून ओतला गेला, त्याच सुमाराच्या पुढेमागे सेशेल्सचा तुकडा आपल्या पश्चिम किनाऱ्यापासून फाटून निघाला, आणि जी फट पडली तीच पुढे कार्ल्सबर्ग रिज झाली. सेशेल्सची ग्रॅनाइटची बेटं म्हणजे आपलाच तुटलेला बांध. गंमत म्हणजे तेव्हा ही रिज सावकाश नव्हती, भारत वर्षाला अर्धा फूट उत्तरेला पळत होता. मग आशियाला धडकलो, हिमालय उचलायला लागला, आणि मागे रिजचा वेग पडला. म्हणजे रिजपासून जितकं लांब, किनाऱ्याकडे येत जावं तितका जुना, घाईत बनलेला तळ आणि रिजजवळ नवा, सावकाश बनलेला. तुमचं चित्र पाच-साडेपाच कोटी वर्षांपूर्वी छापलं असतं तर कदाचित चाललं असतं.

आणि ज्या शोधाने अख्खं जिऑलॉजी बदललं तो याच रिजवरच्या मापांवर उभा आहे हे किती जणांना माहितेय? 1962 मध्ये एचएमएस ओवेन या ब्रिटिश जहाजावर ड्रमंड मॅथ्यूज कार्ल्सबर्ग रिजचं चुंबकत्व मोजत होते. केंब्रिजला परतल्यावर फ्रेड वाइन या त्यांच्या विद्यार्थ्याने ती मापं कॉम्प्युटरवर टाकली, तिथले दोन समुद्री डोंगर बघितले तर एक आजच्या चुंबकीय दिशेत आणि दुसरा बरोबर उलट. पृथ्वीचं चुंबकत्व मधूनमधून पलटतं आणि नवा तळ टेपसारखं ते रेकॉर्ड करतो, असं त्यांनी सप्टेंबर 1963 च्या नेचरमध्ये मांडलं. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ली यांनी हेच स्वतंत्रपणे लिहिलं होतं, त्यांचा लेख परत आला. आता खरं तर सावकाश रिजवर हे पट्टे अरुंद आणि फाटके असतात, फॉल्टांनी सगळी वाट लावलेली असते, पॅसिफिकमध्ये कसे रेघ मारल्यासारखे स्पष्ट. तरी सुचलं ते इथल्या मापांवरून. अरबी समुद्राच्या या धड्यावर आमच्या वेळच्या पुस्तकात एक ओळ नव्हती, अटलांटिकची मात्र दोन पानं.

एक भीती पण काढून टाकतो कारण बातमी आल्यापासून आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सुरू झालंय की तिथे बोअर मारलं तर कोकणात त्सुनामी येईल. मुंबईपासून ही रिज पावणेदोन-दोन हजार किलोमीटर लांब. 15 जुलै 2003 ला तिच्यावर 7.6 चा भूकंप झाला होता, कुणाला आठवतोय का? तळ आडवा सरकला, वर-खाली उचलला नाही, म्हणून पाणी ढकललं गेलं नाही. आपल्या किनाऱ्याने काळजी करायची तर पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्याची करावी, 28 नोव्हेंबर 1945 ला तिथल्या भूकंपाच्या लाटा मुंबईपर्यंत आल्या होत्या.

तर विनंती एवढीच की चित्र बदलून छापा. मध्ये दरी काढा. एका बाजूला बेसाल्टचा पातळ, तुटका थर आणि दुसऱ्या बाजूला खालून वाकून वर आलेला घुमट, त्याला हिरवा रंग द्या. मॅग्माची टाकी पुसून टाका, हवं तर कोपऱ्यात एक लहानसा लाल ठिपका ठेवा. कसं काढायचं कळलं नाही तर मी वहीच्या पानावर काढून सोबत जोडलंय, हात वाईट आहे पण फॉल्ट बरोबर आहे. आणि तुमचा कुणी वार्ताहर वास्कोला एनसीपीओआरमध्ये गेला आणि तिथे रिजवरून उपसून आणलेला एखादा हिरवा दगड बघायला मिळाला, तर खजिन्याच्या फोटोऐवजी त्याचा फोटो छापा. मला आधी कळवलंत तर मी पण येईन, एसटीचं भाडं माझं मी घालीन, दगड फक्त एकदा हातात घेऊन बघायचाय.

आपला,
एक बोअरवाला, कऱ्हाड
(नाव छापू नये, गिऱ्हाईक म्हणतील हा समुद्रात बोअर मारायला निघाला)

ता.क. कार्ल्सबर्ग हे नाव बीअरवरूनच आहे. डाना नावाच्या डॅनिश जहाजाच्या 1928 ते 30 च्या मोहिमेला कार्ल्सबर्ग फाउंडेशनने पैसा दिला, म्हणून प्रमुख योहानेस श्मिट यांनी रिजला ते नाव दिलं. हे तुमच्या बातमीत नव्हतं, आणि आमच्या गाडीवरच्या पोरांना सगळ्या पत्रात हेच तेवढं आवडलं.